कोंबूच्या पाण्याची वाटी

"तुमच्या आईला असं काही होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी पन्नाशीला टेकलेली बाई, गळ्याला अजून सोनोग्राफीचा थंडगार चिकट लेप लागलेला, मांडीवर पर्स. मी अगदी सहज म्हणाले, "नाही हो. आमची आई नुसती आळशी होती." आमच्या घरी हे वाक्य म्हटलं की लोक हसतात. बत्तीस वर्षं हसताहेत. मीसुद्धा ते हसण्यासाठीच म्हटलं होतं, पाहुण्यापुढे बिस्किटांची बशी सरकवावी तसं. पण डॉक्टर निशिवाकी हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आळशी म्हणजे नेमकं काय करायच्या त्या?" आता आळशी माणूस काय करणार? काही करत नाही म्हणून तर आळशी. झोपायची, म्हणाले मी. दिवसासुद्धा? दिवसासुद्धा. थंडी जास्त वाजायची? वाजायची की, जून महिन्यात दोन दोन लोकरीचे बनियन घालायची. सकाळी चेहरा सुजलेला? हो. आवाज घोगरा? हो, आजी तिला बेडूक म्हणायची. बोलणं सावकाश, शौचाला त्रास, कातडी कोरडी? हो, हो, हो. भुवया? आई रोज सकाळी विझलेल्या काडीच्या काजळीनं भुवयांची टोकं काढायची, कारण तिच्या भुवया अर्ध्यावर संपायच्या. आणि त्याच सकाळी मीही आरशासमोर उभी राहून माझ्या भुवयांची टोकं पेन्सिलनं काढून दवाखान्यात आले होते.

डॉक्टर मला समजावून सांगत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होते. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, तिच्यावर शरीराचा सगळा वेग चालतो. शरीराचे रखवालदारच कधी तिला शत्रू समजतात आणि वर्षानुवर्षं, अगदी हळूहळू, तिला पोखरत राहतात. ग्रंथी सुजते, राठ होते, मग थकते. आपल्याच देशातल्या एका डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं, म्हणून त्यांचं नाव दिलंय, हाशिमोतोचा आजार. बायकांत जास्त. आईकडून मुलीकडे पुष्कळदा येतो. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, जन्मभर, घाबरायचं कारण नाही. मी विचारलं, हे त्यांनी लिहून ठेवलं कधी? त्या म्हणाल्या, एकोणीसशे बारा साली. आई एकोणीसशे अठराची. म्हणजे ती जन्माला यायच्या सहा वर्षं आधी तिचा आजार कागदावर लिहून तयार होता. नाव होतं, वर्णन होतं, फक्त आमच्या घरात कुणाला ते वाचायची गरज वाटली नव्हती. आमच्याकडे आधीच एक शब्द होता ना, घरचा, फुकटचा. आळशी. माझ्या छातीत काहीतरी तापायला लागलं. मला वाटलं हे रडू असेल. ते रडू नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, खाण्यात समुद्रातलं काय काय असतं? कोंबू किती? आणि इथे मात्र मी मोठ्यानं हसले, कारण मी साकाईच्या कोंबूवाल्याची मुलगी. आमच्या घरात जिन्याखाली, माळ्यावर, आजीच्या पेटीशेजारी सगळीकडे कोंबूचे गठ्ठे असायचे. उत्तरेकडून जहाजानं आलेले ते समुद्रपानांचे काळपट, रुंद, हातभर लांब पट्टे. ते व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ करायचे आणि मग बाबा जमिनीवर बसून, पट्ट्याचं एक टोक पायाखाली दाबून, दुसरं डाव्या हातानं ताणून धरून, सुरीनं असे पातळ पापुद्रे काढायचे की त्यांतून खिडकी दिसावी. सगळं घर आंबट वासाचं. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा आंबट. सकाळी उठून पहिली गोष्ट पोटात जायची ती कोंबूचं पाणी. सूप त्याच्यातच, भाजी त्याच्यातच, आजारी माणसाची पेजही त्याच्यातच. माझं हसू थांबायची वाट पाहून डॉक्टर म्हणाल्या, "ते बंदच करा काही महिने. बाकीच्यांना चालतं. पण अशा गळ्याला ते जड जातं, ग्रंथी आणखी मंदावते." मी म्हणाले, गळ्याच्या सुजेवर तर कोंबू औषध आहे. त्या म्हणाल्या, दुसऱ्या एका प्रकारच्या सुजेवर आहे, जिथे माणसांना समुद्रातलं काही मिळतच नाही अशा मुलखात. "या सुजेला उलट." उलट, म्हणाल्या त्या. साधा शब्द. मी उठले, वाकून नमस्कार केला, पावती घेतली, औषधाच्या दुकानात नंबर लागेपर्यंत बाकावर बसले, आणि तिथे बसल्याबसल्या मला वाटी आठवली.

तांबड्या लाखेची, आतून काळी, काठाला एक टवका गेलेली. आईची वाटी. मी तेरा वर्षांची असताना गल्लीतल्या जडीबुटीवाल्यानं आईच्या गळ्याला हात लावला होता आणि जुन्या पोथीतलं वाचून दाखवावं तशा सुरात म्हटलं होतं, गळ्याला सूज, अंगात सुस्ती, कोंबू द्या, जाड काढा करून, दिवसातून तीनदा. आजीला कोण आनंद झाला. दुसऱ्याच्या घरी औषध विकत आणावं लागतं, आपल्याकडे माळा भरलाय! आजी दुष्ट नव्हती. हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच मला संताप येतो. दुष्ट असती तर सोपं होतं. ती उत्तमातला उत्तम कोंबू, गिऱ्हाइकांसाठी राखलेला, सुनेच्या काढ्याला काढायची. बाबाही काही बोलायचे नाहीत, उलट पट्टा निवडून द्यायचे. रोग हल्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तिथे निदान पखालीचं काही बिघडत नाही. इथे औषधच रोगाला खाऊ घालत होतं. आणि ती वाटी न्यायचं काम माझं होतं. सकाळी शाळेआधी, दुपारी आल्यावर, रात्री जेवणाबरोबर. चार वर्षं. आई दोन्ही हातांनी वाटी धरायची, त्या सुजलेल्या, भेगाळलेल्या बोटांनी, आणि त्या बेडकाच्या आवाजात म्हणायची, "ओरिए, हे प्यायलं ना, की मला जास्तच थंडी वाजते गं." रोज म्हणायची. मी म्हणायचे, नाटकं पुरेत, मला उशीर होतोय. आणि वाटी तिच्या ओठाला लावायचे.

शांत, म्हणतात मला. ओरिए फार शांत आहे. शाळेत शांत, लग्नात शांत, नवरा मला सोडून गेला तेव्हाही शांत. तो म्हणाला होता, तुझ्यासोबत राहणं म्हणजे ओल्या गादीवर झोपण्यासारखं आहे, आणि मी म्हणाले होते, बरं. मला वाटायचं हा माझा स्वभाव. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये बावीस वर्षं मी निवेदिका होते. बंद होण्याची वेळ झाली, छत्र्या विसरू नका, लाल कोट घातलेली चार वर्षांची मुलगी दुसऱ्या मजल्यावर आपल्या आईची वाट पाहते आहे. लोक म्हणायचे या आवाजानं हरवलेली मुलंसुद्धा रडायची थांबतात. मग दोन वर्षांपूर्वी आवाज बसायला लागला, बसला तो बसलाच. साहेबांनी मला मागच्या खोलीत, परत आलेल्या मालाच्या नोंदीला बसवलं. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं मनाचं आहे. हात मंद चालतात म्हणून नव्या पोरी एकमेकींकडे पाहून हसायच्या. त्यातली एक पाठीमागे मला कासव म्हणते, हे मला माहीत आहे. मीसुद्धा रविवारी दुपारी झोपून उठले की स्वतःला म्हणायचे, आईवर गेलीस. केवढी घाणेरडी शिवी होती ती. आणि मी ती रोज स्वतःला देत होते, आणि ज्या बाईवरून ती देत होते तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय होतंय गं. तिथे त्या बाकावर, माझा नंबर पुकारला गेला तरी मी उठले नाही. समोरच्या भिंतीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. पर्सशिवाय हातात काही नव्हतं.

बुधवारी हे झालं आणि रविवारी आईचं तेहेतिसावं होतं. मेल्याचा दिवस पहिला धरतात, म्हणून बत्तीस वर्षांनी तेहेतिसावं येतं. हे शेवटचं. पहिलं, तिसरं, सातवं, तेरावं, सतरावं, मध्ये आणखी दोन, सगळी झाली. तेहेतिसाव्याला गुरुजी शेवटचा पाठ करतात आणि नावाची लाकडी पाटी देव्हाऱ्यातून काढून देवळात नेऊन जाळतात. त्यानंतर माणूस माणूस राहत नाही, नुसतं पूर्वजांत मिसळतं. त्याचं वेगळं नाव घेत नाहीत, त्याची वेगळी वाटी मांडत नाहीत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण आमच्या घरी मेल्यावरही आईला तेवढं सुख नव्हतं. दर वर्षश्राद्धाला जेवताना गेंझोकाका, बाबांचे धाकटे भाऊ, एकच गोष्ट सांगायचे. एकदा देवळातले थोरले गुरुजी महिन्याच्या पाठाला आले होते, पाठ संपला, सगळे उठले, आणि किनूवहिनी तशीच मान खाली घालून बसलेली. जवळ जाऊन पाहतात तर गाढ झोप. गुरुजी म्हणाले, आपण सगळे अजून वाटेवर आहोत, या बाई मात्र निर्वाणाला पोचल्या. मग सगळे हसायचे. मग बाबा म्हणायचे, निर्वाण कसलं, दोन दिवस आणखी राहिली असती तर गाय झाली असती. कारण जेवल्याजेवल्या आडवं झालं की माणसाची गाय होते असं आमच्याकडे पोरांना सांगतात. मग आणखी हसायचे. मी ताटं उचलता उचलता हसायचे. म्हणजे या रविवारी आई शेवटची आळशी ठरणार होती, आणि त्यानंतर ते खोडायलाही जागा उरणार नव्हती. ज्याचं नावच घ्यायचं नाही त्याची बाजू कोण मांडणार?

गुरुवारी मी ट्रामनं साकाईला गेले. पहिली गोळी सकाळी घेतली होती, पांढरी, मुगाच्या डाळीएवढी. जिच्यावाचून आई चव्वेचाळिसाव्या वर्षी मेली ती एवढीशी गोष्ट होती, मी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत बसले होते. आई गेली तेव्हा ही अशीच मिळत होती का, कुणी दिली असती का, मला माहीत नाही, आणि मी डॉक्टरांना विचारलंही नाही. ऐकायचं नव्हतं. दुकानात मासाहारू होता, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा, त्याला आई म्हणजे झोपलेली एक पाठ एवढंच आठवतं. बाबा मागच्या खोलीत होते. ब्याऐंशी वर्षांचे. आता सुरी धरवत नाही, पण रोज आपल्या चटईवर जाऊन बसतात आणि मासाहारूच्या कारागिरांना पट्टा कुठून धरायचा ते सांगतात. मी मासाहारूला माळ्याच्या जिन्याजवळ नेऊन सगळं सांगितलं, गळा, गोळी, भुवया, वाटी. तो नीट ऐकत होता, तसा तो चांगला आहे. शेवटी म्हणाला की ताई, तुला बरं वाटायला लागलं की झालं, पण हे रविवारी काढू नकोस. मी विचारलं का. तो म्हणाला, दुकानाची तीन जुनी गिऱ्हाइकं जेवायला आहेत, त्यांच्यासमोर कोंबूनं आई गेली म्हणायचं? मी म्हणाले, कोंबूनं गेली असं मी म्हटलेलं नाही, डॉक्टरही तसं म्हणाल्या नाहीत. ती आजारानं गेली आणि आपण तिला आळशी म्हटलं. तो म्हणाला, लोक एवढं बारीक ऐकत नाहीत. आणि मग, आवाज खाली करून, "बाबांना या वयात हे सांगायचं? ताई, ते जेवायचे थांबतील." मी म्हणाले, थांबू देत. मासाहारूनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याच्या बहिणीच्या अंगात कुणी दुसरंच शिरलंय. एका गोळीनं राग येत नाही. अंगात ऊब यायला महिना दीड महिना लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. राग माझाच होता, चांगला मुरलेला, आणि मी बापडी त्याला शांतपणा म्हणत होते.

तरी मी त्याला शब्द दिला. हे सांगायला मला लाज वाटते. निघताना मी मागच्या खोलीत डोकावले, बाबांनी विचारलं, कोण, ओरिए का, जेवलीस का, आणि त्यांचा उजवा अंगठा मला दिसला, सुरीच्या मुठीनं साठ वर्षांत वाकडा झालेला. मला वाटलं, जाऊ दे. काय मिळणार आहे? मासाहारूला म्हणाले, बरं, नाही काढणार. हे "बरं" आमच्या आईचंच. तिला काहीही म्हटलं की ती बरं म्हणायची. ट्राममध्ये बसल्यावर मला स्वतःचा इतका तिटकारा आला की मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि फेब्रुवारीच्या वाऱ्यात घरापर्यंत चालत गेले. आई गेली तोही फेब्रुवारीच. सकाळी मी वाटी घेऊन गेले तेव्हा ती उठेना. गालाला हात लावला तर गार, पण ती नेहमीच गार असायची, त्यात नवल काय. श्वास चालला होता, सावकाश, घशात घरघर. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाले, "गाय हो एकदाची." वाटी उशाशी ठेवली आणि शाळेत गेले. दुपारी शिपाई वर्गावर बोलवायला आला. घरी आले तेव्हा वाटी तिथेच होती, भरलेली, वर साय धरल्यासारखा पातळ पडदा आलेला. तिनं त्या दिवशी ते प्यायलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि मला, देवाशपथ, त्या क्षणी पहिला विचार हा आला होता की आता आजी मला रागावणार.

रविवारी सगळे जमले. थोरल्या गुरुजींचा मुलगा आता गुरुजी, तो आला. काका आले, ती तीन गिऱ्हाइकं आली. मासाहारूची बायको चिझुको पहाटेपासून स्वयंपाकात होती, मी भाज्या चिरायला बसले. सुरी माझ्या हातात मंद चालते हे पाहून ती मधून मधून माझ्या पुढ्यातली गाजरं उचलून न्यायची. मग तिनं देव्हाऱ्यापुढे मांडायचं छोटं पायांचं ताट तयार केलं. भात, भाजी, लोणचं, आणि झाकणाच्या वाटीत सूप. ते ताट उलटं फिरवून ठेवतात, जेवायच्या काड्या देव्हाऱ्याकडे, म्हणजे मेलेल्या माणसाला जेवायला सोपं. वाटी नवी होती, पण आतलं पाणी तेच. वासावरून मला कळलं. उत्तमातला कोंबू, गिऱ्हाइकांसाठी राखलेला. म्हणजे आम्ही तिला मेल्यावरसुद्धा पाजत होतो. पहिल्या वर्षी, तिसऱ्या, सातव्या, दर महिन्याच्या तिथीला, बत्तीस वर्षं, मोठ्या प्रेमानं, हात जोडून. मी गुडघ्यावर बसले होते, पाठ चालू होता, उदबत्तीचा धूर वर जात होता, आणि माझ्या कानात एकच वाक्य चाललं होतं. ओरिए, हे प्यायलं ना. पाठ संपला. गुरुजींनी पाटी देव्हाऱ्यातून काढून जांभळ्या फडक्यावर ठेवली, जेवणानंतर न्यायला. सगळे ताटांवर बसले. मी दिलेला शब्द मला आठवत होता. मासाहारू समोरून माझ्याकडे पाहत होता, एकदा त्यानं मान हलवली, आभारासारखी.

गेंझोकाकांनी दारूचा पेला खाली ठेवला, ओठ पुसले आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, आमच्या किनूवहिनीची एक गंमत सांगतो, एकदा थोरले गुरुजी पाठाला आले होते. गुरुजी आधीच हसायच्या तयारीत, कारण गोष्टीत त्यांचे वडील होते. मी उठले. गुडघा मोठ्यानं वाजला. मासाहारू म्हणाला, ताई, नको. मी देव्हाऱ्याजवळ गेले, ताटातली वाटी उचलली. अजून कोमट होती. सरकतं दार उघडलं, थंड वारा आत आला, आणि मी ते सूप अंगणातल्या दगडांवर ओतलं. सगळ्यांना ऐकू गेलं. मग शेगडीवरच्या किटलीतलं साधं गरम पाणी वाटीत घेतलं, वाटी ताटात होती तिथे ठेवली. दार लावायचं राहिलं, कुणी उठून लावलंही नाही. काकांचं तोंड अर्धवट उघडं. चिझुकोनं डोळे खाली घातले. बाबा हळूच म्हणाले, काय करतेस?

मी घसा साफ केला. काही उपयोग नाही झाला, पण मी स्टोअरमध्ये माइकपुढे उभी राहायचे तशी ताठ उभी राहिले आणि त्याच सुरात, उरलेल्या आवाजात, म्हणाले, "हे प्यायलं की तिला जास्तच थंडी वाजते, बाबा." बाबांच्या काड्या थांबल्या. मी काकांना म्हटलं की गोष्ट पुरी करा, फक्त ती झोपली नव्हती एवढं बदला, तिला जागं राहताच येत नव्हतं. "आई आळशी नव्हती. आजारी होती. तिच्या जन्माआधीपासून त्या आजाराला नाव आहे. मलाही तोच झालाय." एका गिऱ्हाइकानं आपली वाटी हळूच ताटात ठेवली, ते मासाहारूनं पाहिलं आणि ते मी पाहिलं. मला वाईट वाटलं नाही.

बाबांनी काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "मग तिनं सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "मला. आणि मी वाटी तिच्या ओठाला लावली."

बाबा आपल्या सुपाकडे पाहत होते. वाकडा अंगठा वाटीच्या काठावर. शब्द दिला होता तरी चार दिवस मी मनात या क्षणाची तयारी केली होती. ते ओरडले तर काय म्हणायचं, आजीवर ढकललं तर काय, मला वेडी म्हणाले तर काय, सगळं पाठ होतं. ते म्हणाले, "मलाही म्हणाली होती. दोनदा." आणि त्यांनी वाटी ताटाबाहेर, चटईवर ठेवली. माझं पाठ केलेलं सगळं वाया गेलं. त्यांनी नाकारलं असतं तर मी जिवाच्या आकांतानं भांडले असते, पण त्यांनी नाकारलं नाही, आणि माझा राग तसाच उभा राहिला, त्याला मारायला समोर कुणी नव्हतं. दोनदा सांगितलेलं माणूस बत्तीस वर्षं लक्षात ठेवतं आणि तरी हसतं! त्यांना तिनं दोनदाच सांगितलं होतं. मला ती रोज सांगायची. मी बाबांना माफ केलं नाही. मला कुणी करावं असंही मी म्हणत नाही.

गुरुजींनी खाकरून फडक्याकडे हात नेला, म्हणाले, तर आता हे आम्ही घेऊन निघतो. मी पुढे होऊन पाटी उचलली. हाताएवढीही नाही, काळी, सोनेरी अक्षरं विटलेली. "आज नाही," मी म्हणाले. "पन्नासावं करू." गुरुजी म्हणाले तशी पद्धत आहे, काही घरांत करतात, पण हल्ली फारसं कुणी नाही. मासाहारू म्हणाला, ताई, सतरा वर्षं आहेत, तोवर बाबा नसतील, काका नसतील, कोण येणार? मी म्हणाले, मी येणार. सहासष्ट वर्षांची असेन. रोज सकाळी अनशापोटी गोळी घेईन आणि येईन. आणि तोपर्यंत या घरात ती गोष्ट कुणी सांगायची नाही. काका काही पुटपुटले. बाबा म्हणाले, "घेऊन जाऊ दे तिला." एवढंच म्हणाले, आणि चिझुकोला उघडं दार लावायला सांगितलं.

मी पाटी माझ्या मफलरीत गुंडाळली, लोकरीची आहे, दुहेरी. कोटाची कॉलर वर करून स्टॉपवर उभी राहिले. अंग गारठलं होतं, बोटं सुजलेली, आतून मात्र अजून संताप धगधगत होता आणि तो जाऊ नये असं मला वाटत होतं. ट्राम आली, रविवार असल्यानं बरीच रिकामी. कुठल्या सीटखाली हीटर चांगला तापतो हे मला शाळेपासून माहीत आहे. तिथे एक तरुण पाय पसरून बसला होता. मी त्याला सरकायला सांगितलं. त्याला माझा आवाज कळला नाही म्हणून पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. तो सरकला. मी हीटरवरच्या जागेवर बसले आणि मफलर मांडीवर, ऊब लागेल अशी, दोन्ही हातांनी धरून ठेवली.